कॅलगरीचा हिवाळा आणि पिकअपची चाके

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटला, की कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील कॅलगरी शहरात टायरच्या दुकानांपुढे मोटारींच्या रांगा लागू लागतात, आणि ज्याने सप्टेंबरातच आपली वेळ नोंदवून ठेवलेली नसते त्याला पहिले हिम पडून गेल्यावरही आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस तिष्ठत राहावे लागते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील उतारापाशी वसलेल्या या शहराचा हिवाळा केवळ कडक नाही, तर चंचलही आहे. उणे तीस अंशांची थंडी आठवडाभर ठाण मांडून बसावी, मग एके सकाळी पर्वतावरून शिनूक नावाचा उष्ण, कोरडा वारा उतरून त्याने काही तासांत तापमान शून्याच्या वर न्यावे, रस्त्यावरील हिमाचे पाणी व्हावे आणि सूर्य मावळताच त्याच पाण्याचा डांबरावर एक पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरावा, असा क्रम तेथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पुनःपुन्हा चालतो. अशा ऋतूत ज्याला रोज पहाटे कामावर निघायचे आहे, त्याच्या दृष्टीने गाडीची चाके हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

आणि या प्रांतात ती गाडी बहुधा पिकअप असते. तेलाच्या विहिरी, गव्हाची शेते, गुरांची कुरणे आणि अव्याहत चाललेली घरबांधणी यांवर ज्या मुलखाचे अर्थकारण उभे आहे, तेथे पुढे माणसांसाठी केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असे हे वाहन सुताराचे, नळकाम करणाऱ्याचे, विजेच्या कारागिराचे आणि शेतकऱ्याचे उपजीविकेचे साधन ठरते. तेल कंपन्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने पूर्वीपासून तेथे स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांना पिकअपची गरज क्वचितच भासली. परंतु अलीकडे हाताच्या कारागिरीवर उभे राहू पाहणारे जे मराठी तरुण तेथे येतात, त्यांना ती पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घ्यावी लागते. मग घराघरांतून एकच वाद रंगतो. गाठीचे पैसे मर्यादित. तेव्हा चारही चाकांना इंजिनाचे बळ देणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची, महाग गाडी घ्यावी, की साधी, मागच्या दोन चाकांवर चालणारी स्वस्त गाडी घेऊन उरलेल्या पैशांत हिवाळी टायरांचा संच घ्यावा?

अशाच एका वादाच्या वेळी मी उपस्थित होतो. मूळचा सांगलीकडचा एक तरुण वीजकारागीर आणि तीस हिवाळे तेथे काढलेले एक निवृत्त अभियंता समोरासमोर बसले होते. तरुण म्हणाला, "काका, इथं सगळे फोर बाय फोरच घेतात. एवढे लोक चुकतील का?" काकांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे उत्तर दिले, "अरे, ते चुकतात असं मी कुठं म्हणतोय? पण तू त्यांना एवढंच विचार, की गाडी निघत नव्हती म्हणून घेतली, का थांबत नव्हती म्हणून." या एका प्रश्नाने विषयाची खरी गाठ मला दिसली, आणि पुढचे काही आठवडे टायरवाल्यांशी, गाड्या ओढून काढणाऱ्यांशी आणि शेतावर राहणाऱ्या लोकांशी बोलत असताना मी तीच सोडवू पाहत होतो.

आपल्या लोकांच्या मनात 'फोर बाय फोर' या शब्दांभोवती जी श्रद्धा आहे, तिचा उगम चिखलात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिस कंपनीची जी जीप सर्व रणांगणांवर धावली, तिचीच जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. आणि पुढे पाटबंधारे खात्याच्या, वनखात्याच्या, पोलिसांच्या जीपगाड्या आषाढ-श्रावणात कोकणातील आणि सह्याद्रीतील कच्च्या वाटांवरून जेव्हा गुडघाभर राडा तुडवीत वर चढू लागल्या, तेव्हा पुढच्या चाकांनाही बळ मिळाले म्हणजे काय होते हे खेड्यापाड्यांनी प्रत्यक्ष पाहिले. तो अनुभव सर्वस्वी खरा होता. परंतु चिखलाचा एक गुणधर्म आपण सहसा लक्षात घेत नाही. चिखल चाकाला धरून ठेवतो. त्यात अडचण असते ती निघण्याची. थांबण्याची अडचण तेथे बहुतेक येतच नाही, कारण चालकाने नुसता पाय उचलला तरी गाडी आपसूक जागच्या जागी बसते. चेपून घट्ट झालेले हिम आणि बर्फाचा पापुद्रा यांची प्रकृती नेमकी उलटी आहे. तेथे निघणे थोड्या कष्टाने का होईना साधते. पण एकदा गती आली की ती काढून घ्यायला रस्ता साह्य करीत नाही. सह्याद्रीत शिकलेला धडा रॉकीच्या पायथ्याशी अपुरा पडतो, याचे कारण हे आहे.

चारही चाकांना बळ देण्याची कल्पना मोटारीच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या क्लिंटनव्हिल गावी ऑटो झाखॉव्ह आणि विल्यम बेसरडिक या दोघांनी १९०८ च्या सुमारास चार चाकांवर चालणारी मोटार तयार केली, आणि त्या उद्योगातून निर्माण झालेले मालवाहू ट्रक पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या व ब्रिटनच्या सैन्यांनी मोठ्या संख्येने वापरले. दुसरे महायुद्ध संपताच डॉज कंपनीने लष्करी ट्रकाच्या धर्तीवर 'पॉवर वॅगन' हा चार चाकांचा पिकअप नागरिकांसाठी बाजारात आणला, आणि शेतकऱ्यांनी, खाणवाल्यांनी तो उचलून धरला. या संपूर्ण इतिहासात मागणी एकच होती: जेथे रस्ता नाही तेथे जाता यावे. ती मागणी या यंत्रणेने पुरेपूर भागवली. रस्ता आहे, परंतु तो निसरडा आहे, या स्थितीचा विचार तिच्या जन्मकाळी कोणी केलेला नव्हता.

पिकअपची घडण लक्षात घेतली, तर तिच्या मालकाला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक का छळतो ते उमगते. इंजिन पुढे, केबिन पुढे, आणि ज्या मागच्या चाकांना फिरवायचे त्यांच्यावर रिकामा हौदा. मोकळ्या पिकअपच्या वजनाचा जेमतेम ४० टक्के वाटा मागच्या आसावर येतो. म्हणजे ज्या चाकांनी रस्ता धरून सगळी गाडी ढकलायची, तीच सर्वांत हलकी. चौकात सिग्नल हिरवा झाला की मागची चाके जागच्या जागी भिरभिरतात आणि हौदा एका बाजूला सरकू लागतो. जुने चालक यावर वाळूची पोती मागच्या आसाच्या बरोबर वर, पक्की बांधून टाकीत. आजही कॅलगरीच्या दुकानांतून त्यासाठी वाळूच्या नळकांडी पिशव्या विकायला ठेवलेल्या दिसतात.

येथे थोडे गणित केल्यावाचून इलाज नाही. रस्ता चाकाला जितके धरतो त्याचे माप म्हणून घर्षणांक घेतला, तर कोरड्या डांबरावर तो सुमारे ०.८ असतो, चेपलेल्या हिमावर ०.२ ते ०.३ च्या आसपास उतरतो, आणि ओलसर बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. समजा, चेपलेल्या हिमाच्या त्याच रस्त्यावर सर्व ऋतूंचे म्हणून विकले जाणारे टायर ०.२ इतकी पकड देतात आणि चांगले हिवाळी टायर ०.३ देतात. आता दोन पिकअप समोर ठेवा. पहिली चार चाकांची, पण टायर सर्व ऋतूंचे. दुसरी दोन चाकांची, पण टायर हिवाळी. चढावर पहिलीचा विजय निर्विवाद आहे, कारण ती आपल्या संपूर्ण वजनावर पकड घेऊन शेकडा २० पर्यंतचा चढ चढू शकेल, तर दुसरी केवळ मागच्या आसावरील भाराच्या बळावर शेकडा १२ पाशी थबकेल. फोर-व्हील ड्राइव्हची बाजू घेणारे लोक याच अनुभवावरून बोलतात, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु तोच चढ संपून उतार लागला आणि खाली रस्ता ओलांडणारे मूल दिसले, तर हिशेब पालटतो. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. इंजिनाचे बळ किती चाकांना जाते याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सपाट रस्त्यावर, ताशी ५० किलोमीटरच्या वेगात दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला, तर हिवाळी टायरांची गाडी सुमारे ३३ मीटरांत उभी राहील आणि सर्व ऋतूंच्या टायरांच्या गाडीला सुमारे ४९ मीटर लागतील. त्याहून बोलके गणित असे, की हिवाळी टायरांची गाडी जेथे पूर्ण थांबली त्या बिंदूवरून चार चाकांची गाडी अद्याप ताशी २९ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असेल. पादचाऱ्याला, समोरच्या मोटारीला किंवा चौकातील खांबाला ती त्या वेगाने धडकेल. वळणावरही हाच न्याय लागू होतो. वळणारी गाडी रस्त्यापासून बाजूच्या दिशेने पकड मागते, आणि रबराच्या चार तळव्यांनी जेवढी पकड मिळवली असेल तेवढीच तिला मिळते. चारही चाकांना बळ दिल्याने त्या भांडवलात भर पडत नाही.

हे रबर म्हणजे काय, हे मला एका टायरच्या दुकानाच्या मागील बाजूस, उघड्या शेडमध्ये समजले. बाहेर उणे पंधरा अंश होते. दुकानाच्या मुकादमाने दोन टायर शेजारी शेजारी उभे केले आणि मला हातमोजा काढून दोन्हींच्या ठोकळ्यांवर अंगठा दाबायला सांगितले. सर्व ऋतूंच्या टायरचा ठोकळा लाकडासारखा टणक लागला. अंगठ्याचे नख त्यावर उमटेना. हिवाळी टायरचा ठोकळा त्या थंडीतही दबला आणि हात काढताच पूर्ववत झाला. खोबरेल तेल जसे आपल्याकडे थंडीच्या दिवसांत बाटलीतच थिजते आणि शेजारचे गोडेतेल मात्र वाहते राहते, तसा हा मिश्रणाचा भेद आहे. नेहमीच्या टायरचे रबर साधारण सात अंशांच्या खाली ताठरू लागते. हिवाळी टायरात सिलिका आणि थंडीतही लवचीक राहणारी रबरे अशा प्रमाणात घालतात, की ते कडाक्याच्या थंडीतही रस्त्याच्या बारीकसारीक उंचसखलपणात शिरू शकेल. मग मुकादमाने मला तो ठोकळा दोन बोटांनी फाकवून दाखवला. वरून एकसंध दिसणाऱ्या त्या रबरात नागमोडी, केसाइतक्या बारीक चिरा अगदी जवळजवळ पाडलेल्या होत्या. चाक जमिनीला टेकले की त्या चिरा किंचित उघडतात, त्यांच्या असंख्य कडा हिमात रुततात, आणि बर्फावरील पाण्याचा जो सूक्ष्म थर निसरडेपणाचे खरे कारण असतो, तो काही अंशी त्यांच्यात ओढला जातो. शून्याजवळचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा अधिक घातक असतो तो याच थरामुळे. शिनूकनंतरची संध्याकाळ म्हणूनच कॅलगरीकरांना कडाक्याच्या थंडीपेक्षा जास्त जपून काढावी लागते.

हिवाळी टायरचा जन्म प्रथम मालवाहू गाड्यांसाठी झाला, हे पिकअपवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फिनलंडमधील नोकिया गावाशी निगडित असलेल्या रबराच्या कारखान्याने १९३४ मध्ये हिमात रुतणाऱ्या ट्रकांसाठी आडव्या, खोल नक्षीचा टायर काढला, आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी 'हाक्कापेलिट्टा' हे नाव धारण करणारा टायर आणला. ते नाव आजही बाजारात आहे. पुढे टायरात पोलादी खिळे बसवण्याचा प्रघात पडला. त्या खिळ्यांनी बर्फ धरला, पण मोकळा रस्ता खरवडला. जपानच्या उत्तरेकडील शहरांत डांबराची धूळ इतकी उडू लागली, की लोकांच्या श्वासावर बेतले, आणि १९९० मध्ये त्या सरकारला खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोन कंपनीने सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा 'ब्लिझॅक' टायर तेथे आणला होता. खिळ्यांवाचून बर्फ धरणारे रबर करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. आजचे बहुतेक हिवाळी टायर या फिनी आणि जपानी परंपरांच्या संगमावर उभे आहेत.

सरकारांनी या प्रश्नाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हेही तपासण्याजोगे आहे. क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले. प्रथम त्यांची मुदत १५ डिसेंबरपासून होती, ती २०१९ मध्ये अलीकडे आणून १ डिसेंबर ते १५ मार्च अशी करण्यात आली. ऑन्टॅरियोने सक्ती न करता, २०१६ पासून, हिवाळी टायर लावणाऱ्यास हप्त्यात सूट देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. आल्बर्टाने मात्र यांपैकी काहीच केलेले नाही. तेथे ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवावे, असा रिवाज आहे. मला तो पटत नाही, कारण निसरड्या चौकात न थांबलेली गाडी नेहमी आपल्याच मालकाला इजा करते असे नाही. पण खरा धडा मिळतो तो आल्बर्टाची हद्द ओलांडताना. कॅलगरीहून पश्चिमेला निघालेला ट्रान्स-कॅनडा महामार्ग बॅन्फ ओलांडून १,६२७ मीटर उंचीच्या किकिंग हॉर्स खिंडीत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शिरतो आणि पुढे रॉजर्स खिंडीतून जातो, जेथे हिमकडे रस्त्यावर कोसळू नयेत म्हणून ते आधीच पाडण्यासाठी लष्कराच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा तैनात असतात. त्या प्रांताच्या पहाडी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि त्यांची नक्षी किमान साडेतीन मिलिमीटर शिल्लक असली पाहिजे, असा हुकूम आहे. त्या हुकमात गाडीची किती चाके फिरतात याला स्थान नाही. चारही चाकांच्या पिकअपला माफी नाही. कॅलिफोर्नियात हिमाच्या दिवसांत चाकांवर साखळ्या चढवण्याची जी श्रेणीवार सक्ती होते, तिच्या दुसऱ्या श्रेणीत फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना साखळ्यांवाचून जाऊ देतात खरे, पण चारही टायर हिमाच्या नक्षीचे असले तरच. आणि तिसरी श्रेणी लागू झाली की ती मुभाही काढून घेतली जाते. ज्यांना हिवाळाभर उलटलेल्या गाड्या बाजूला काढाव्या लागतात, त्या खात्यांनी हे नियम केले आहेत. त्यांच्या दप्तरी जमा झालेल्या अनुभवाला मी दुकानातील जाहिरातीपेक्षा अधिक वजन देतो.

तरीही टायरच्या बाजूने आंधळेपणाने बोलणे योग्य होणार नाही. टायरच्या कुशीवर 'एम अधिक एस' अशी जी अक्षरे असतात, ती केवळ नक्षीच्या रचनेबद्दल सांगतात. त्यामागे हिमावरील कसोटी नसते. ब्रिटिश कोलंबियाचा कायदा तेवढ्यावर भागवून घेतो, हे मला त्याचे वैगुण्य वाटते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमस्फटिक असे जे चिन्ह १९९९ पासून प्रचारात आले, ते मिळवण्यासाठी टायरला खरोखरच कसोटी द्यावी लागते. पण तीही चेपलेल्या हिमावर चाक किती जोराने पुढे खेचते एवढ्यापुरती असते. ब्रेक दाबल्यावर काय होते, बर्फाच्या पापुद्र्यावर काय होते, याची परीक्षा त्या चिन्हात अंतर्भूत नाही. म्हणून पिकअपसाठी रुबाबदार दिसणारे, जाड ठोकळ्यांचे जे सर्व-भूमी टायर हल्ली हे चिन्ह मिरवतात, त्यांना आणि खऱ्या हिवाळी टायरांना एका तागडीत घालू नये. शिवाय टायर घ्यायचे तर चार घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी केवळ मागच्या चाकांना हिवाळी टायर लावले, तर गाडी निघेल, पण वळणावर पुढची चाके सरळ जाऊ पाहतील. केवळ पुढे लावले, तर ब्रेक दाबताच मागचा हौदा पुढे येऊ पाहील. आणि वजन वाहणाऱ्या पिकअपला मोटारीचे टायर चालत नाहीत. भाराची क्षमता कुशीवर पाहूनच ते घ्यावे लागतात.

गाड्या ओढून काढणाऱ्या एका चालकाला मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांविषयी विचारले. त्याची रात्रपाळी नुकतीच संपली होती आणि त्याच्या ट्रकाच्या आकड्याला हिमाचे कवच चढले होते. तो म्हणाला, "नुसत्या अडकलेल्या गाड्या बहुधा दोन चाकांच्या. त्यांना दहा मिनिटांत काढतो. पण रस्ता सोडून चरात गेलेल्यांत चार चाकांच्या पिकअप पुष्कळ असतात, आणि त्या रस्त्यापासून लांब जाऊन पडलेल्या असतात." लांब का, असे विचारता त्याने एकाच शब्दात उत्तर दिले: "वेग."

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म त्या उत्तरात आहे. चालकाला रस्त्याचा निसरडेपणा डोळ्यांनी दिसत नाही. तो त्याला प्रथम कळतो तो गाडी निघताना. मागची चाके भिरभिरली, हौदा किंचित सरकला, की शरीराला इशारा मिळतो आणि पाय आपोआप हलका पडतो. फोर-व्हील ड्राइव्ह हा इशाराच पुसून टाकते. गाडी कोरड्या रस्त्यावर निघावी तशी निमूट निघते, वेग घेते, आणि रस्ता किती थोडे धरतो आहे ही बातमी चालकाला प्रथमच कळते ती ब्रेकवर पाय ठेवल्यावर, ताशी ८० किलोमीटरला. यात यंत्रणेचा दोष नाही. तिने जे वचन दिले ते तिने पाळले. थांबवण्याचे वचन तिने कधी दिलेच नव्हते.

आता जेथे तिला पर्याय नाही ते प्रसंग. कॅलगरीच्या बाहेर, पाच-दहा एकरांच्या तुकड्यांवर जे लोक राहतात, त्यांच्या फाटकापासून घरापर्यंतची वाट ज्याची त्याला साफ करावी लागते. वादळी वारा तेथे रात्रीतून कमरेइतका हिमाचा बांध रचून ठेवतो. शहरातील गल्लीबोळांतही हिम बहुधा उचलले जात नाही, चेपले जाते, आणि फेब्रुवारीत त्यावर चाकोऱ्या इतक्या खोल पडतात, की गाडीचे पोट जमिनीला लागते. तेथे उत्तम टायरही दोन चाकांच्या बळावर हरतो. त्या ठिकाणी पुढची चाके बाहेर ओढू लागली, हलक्या गतीचा 'फोर-लो' गिअर पडला, की गाडी संथपणे, न घसरता वर येते. बोट किंवा हिमगाडी लादलेला ट्रेलर तळ्याच्या काठावरून ओढायचा असेल, तेव्हाही तेच. मात्र पिकअपमधील जुन्या धाटणीच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा आस एकत्र जखडला जातो, आणि वळताना दोन्ही आसांना वेगवेगळे अंतर कापावे लागत असल्यामुळे कोरड्या डांबरावर ती घालून ठेवल्यास सांध्यांवर विलक्षण ताण पडतो. शिनूकच्या दिवशी, जेव्हा रस्ता शंभर मीटर कोरडा आणि पुढचे पन्नास मीटर बर्फाळ असतो, तेव्हा चालक ती काढून ठेवतो. म्हणजे नेमक्या त्या दिवशी त्याची गाडी दोन चाकांचीच असते. टायर मात्र प्रत्येक मीटरला जमिनीवर असतो.

पैशांचा विचार केला तर टायरच्या बाजूला आणखी एक गोष्ट येते. फोर-व्हील ड्राइव्हपायी नव्या गाडीच्या किमतीत काही हजार डॉलरांची भर पडते, इंधन थोडे अधिक जळते, आणि देखभालीला पुढचा डिफरन्शिअल व ट्रान्सफर केस हे दोन जादा घटक येतात. हिवाळी टायरांचा संच, वेगळ्या पोलादी रिमांसकट घेतला तरी, त्या किमतीच्या काही अंशात येतो. आणि तो लावलेला असताना उन्हाळी संच भिंतीला टेकून विश्रांती घेत असतो, म्हणून दोहोंचे आयुष्य वाढते. ज्याची ऐपत एकाच गोष्टीची आहे आणि ज्याला साफ केलेल्या रस्त्यांवरून शहरात कामाला जायचे आहे, त्याने चार हिवाळी टायर घ्यावेत आणि हौद्यात वाळू टाकावी, असे मी निःशंकपणे म्हणेन. ज्याची दोन्हींची ऐपत आहे त्याने टायर आधी घ्यावेत.

सांगलीकडच्या त्या तरुणाचे काम मात्र शहराबाहेरील घरांत होते; शिवाय जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला दोन चाकांची धड पिकअप सापडेना, कारण तेथे ती विकायला येणेच दुर्मीळ. त्याने अखेर चार चाकांची वापरलेली गाडी पसंत केली, तेव्हा काका स्वतः ती पाहायला गेले. विकणारा टायरकडे बोट दाखवून सांगत होता, "नक्षी बघा, अर्धीसुद्धा घासलेली नाही." काका टायरशेजारी उकिडवे बसले, कुशीवरचा चिखल त्यांनी रुमालाने पुसला आणि लंबवर्तुळाकृती चौकटीतले चार आकडे तरुणाला वाचायला लावले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या हिशेबाने तो टायर नऊ वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत होती, पण रबर वाळून टणक झाले होते. त्या चार आकड्यांवर किमतीत जी घासाघीस झाली, तीत हिवाळी टायरांचा निम्मा खर्च सुटला.

टायर बसवून देताना मुकादमाने बजावले होते, की शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यायला या. नवे रिम बसताना ते थोडे सैल पडतात. पहिल्याच आठवड्यात त्या तरुणाला ओकोटोक्सच्या पलीकडे एका शेतघराचे काम मिळाले. परतताना तो घरी न जाता थेट दुकानावर गेला आणि चोवीसच्या चोवीस नट तपासून घेतले. दोन किंचित ढिले निघाले.